आधी झोप, मग आठवणी: खडतर बालपणावर उतारवयात स्वतः काम कसं करायचं

साधारण असं होतं. माणूस निवृत्त होतो, किंवा आई-वडिलांपैकी उरलेलं एकही जातं, किंवा नातू नेमका आठ वर्षांचा होतो, आणि आठव्या वर्षीच आपण पहिल्यांदा पट्ट्याचा मार खाल्लेला असतो. पन्नास वर्षं दाबून ठेवलेलं वर यायला लागतं. कुणीतरी सांगतं, ‘लिहून काढ, मोकळं वाटेल.’ मग रात्री अकरा वाजता, घर झोपल्यावर, माणूस नवी वही उघडतो आणि थेट सगळ्यात वाईट प्रसंगाला हात घालतो. दोन वाजेपर्यंत लिहितो, रडतो. दुसऱ्या दिवशी डोकं जड, तिसऱ्या दिवशी भावाशी फोनवर भांडण, आणि पंधरवड्याच्या आत वही माळ्यावर. वर निष्कर्ष काय, तर ‘हे असलं आपल्याला जमत नाही.’

अठ्ठावन्नाव्या वर्षी मीही हेच केलं. मग समुपदेशकाकडे काही महिने गेलो, पुढचं बरंचसं घरी बसून केलं, आणि आता ओळखीपाळखीतले लोक विचारायला येतात तेव्हा बहुतेकांची चूक तीच निघते. इच्छा असते, धीरही असतो, क्रम उलटा असतो. आठवणी या कामात चौथ्या-पाचव्या टप्प्यात येतात. आणि क्षमा हा टप्पाच नाही. त्याबद्दल शेवटी बोलू.

आघातग्रस्तांवर काम करणाऱ्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ ज्यूडिथ हर्मन यांनी १९९२ साली तीन पायऱ्या मांडल्या: आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, मग माणसांत परतणं. खालचा क्रम त्याच कण्यावर बेतला आहे. सगळ्याला मिळून पाच-सहा महिने धरा. घाई असेल तर सुरूच करू नका.

## सुरू करण्याआधी: हे एकट्याने करायचं का?

पुढचं काहीही लागू असेल तर वही बाजूला ठेवा आणि आधी समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठा:

- जगू नये असे विचार येतात, किंवा पूर्वी तसा प्रयत्न झाला आहे.
- झोपेसाठी किंवा मन मारण्यासाठी रोज दारू लागते.
- मधला वेळ ‘गायब’ होतो. आपण कुठे होतो, काय करत होतो ते आठवत नाही.
- जी आठवण छळते ती लैंगिक अत्याचाराची आहे.
- घरात आजही कुणी हात उगारतं, पैसे अडवतं, धमकावतं.
- जवळचं माणूस जाऊन काही महिनेच झाले आहेत.

शासनाची टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची मोफत फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे. क्रमांक १४४१६, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं. हा क्रमांक आत्ताच वहीच्या पहिल्या पानावर लिहा. लागेल तेव्हा शोधत बसण्याइतकं डोकं ठिकाणावर नसतं.

डॉक्टरांचीही एक फेरी मारा. थायरॉईड, बी-१२, रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. साठीतली उदासी, चिडचिड, विसराळूपणा हे सगळं बालपणातूनच येतं असं नाही. थायरॉईड बिघडलं तरी माणूस तसाच वागतो. आणि मनाच्या गोळ्या चालू असतील तर ‘आता मी स्वतःच उपचार करतोय’ म्हणून त्या परस्पर बंद करू नका. हा प्रकार मी दोनदा पाहिला आहे, दोन्ही वेळा महागात पडला.

## टप्पा १: जागा, वेळ, माणूस, वही (दोन आठवडे)

या दोन आठवड्यांत बालपणाबद्दल एक अक्षरही लिहायचं नाही. लोकांना हा टप्पा वेळकाढूपणा वाटतो, म्हणून ते तो गाळतात आणि मग पाचव्या टप्प्यात आपटतात.

झोप. उठण्याची वेळ ठरवा आणि पाळा, रात्री झोप लागो न लागो. चारनंतर चहा-कॉफी नाही. दुपारची डुलकी अर्ध्या तासाच्या आत. मन उकरायचं तर शरीर आधी जागेवर हवं.

वेळ. सकाळी नाश्त्यानंतर, किंवा दुपारी चारच्या सुमारास. दिवेलागणीनंतर नाही. ज्या घरांत मार रात्री पडायचा त्या घरांतल्या मुलांची संध्याकाळ म्हातारपणीही हळवीच असते. शिवाय दिवाळी, पितृपक्ष, आई-वडिलांचं वर्षश्राद्ध, घरातलं लग्न हे दिवस कॅलेंडरवर आधीच खोडून ठेवा. त्या आठवड्यांत काम बंद.

माणूस. एक माणूस हवा. त्याच्याकडून सल्ला नको, सोबत हवी. तो नवरा किंवा बायकोच असायला हवी असं नाही, आणि सुरुवातीला सख्खं भावंड नकोच. एका छपराखाली वाढलेली दोन मुलं एकाच घरात वाढलेली नसतात. थोरल्याने मार खाल्लेला असतो आणि धाकट्याला तेच वडील खांद्यावर बसवून जत्रेला नेत असतात. धाकटा म्हणणार, ‘बाबा तसे नव्हते.’ तो खोटं बोलत नसतो, पण त्या वाक्याने तुमचं महिन्याचं काम धुऊन निघतं.

माणूस निवडण्याची सोपी परीक्षा: त्याला एक किरकोळ दुःख सांगा. ‘झालं गेलं गंगेला मिळालं’ किंवा ‘अरे, आमच्याकडे तर याहून वाईट होतं’ असं उत्तर आलं तर चहा प्या आणि दुसरा माणूस बघा. योग्य माणूस सापडला की त्याला काम नेमकं सांगा: ‘मी फोन केला तर कारण विचारू नकोस. दहा मिनिटं इकडचं तिकडचं बोल.’

वही. साधी शंभर पानी, फक्त याच कामासाठी. फोनमध्ये लिहू नका. फोन नातवंडांच्या हातात जातो, आणि घरच्यांच्या कुठल्या ना कुठल्या यंत्रावर त्याची नक्कल उमटते.

> पुढे जाण्याआधी: गेल्या चौदा रात्रींपैकी निदान दहा रात्री बऱ्यापैकी झोप लागली का? माणूस ठरला का? वही कुठे ठेवायची ते ठरलं का? एकाचंही उत्तर ‘नाही’ असेल तर आणखी आठवडाभर इथेच थांबा.

## टप्पा २: परतीचा रस्ता (दहा दिवस)

विहिरीत उतरण्याआधी दोर बांधतात. इथे दोर म्हणजे आठवणीतून ‘आत्ता’मध्ये परत येण्याची सवय.

१. खुर्चीत बसा. डोळे उघडे. दोन्ही तळपाय फरशीला टेकलेले.
२. नाकाने चार अंक मोजेपर्यंत श्वास आत, सहा अंक मोजेपर्यंत बाहेर. श्वास रोखून धरायचा नाही. अशी पाच मिनिटं.
३. दिसणाऱ्या पाच गोष्टी, हाताला लागणाऱ्या चार, ऐकू येणारे तीन आवाज, दोन वास, एक चव यांची नावं मनात घ्या.
४. मोठ्याने म्हणा: आज वार कुठला, तारीख काय, माझं वय काय, मी कुठे आहे. शेवटी एक वाक्य असं, जे लहानपणी खरं नव्हतं आणि आज खरं आहे.

चौथ्या पायरीचं शेवटचं वाक्य नीट शोधा. माझ्या ओळखीतल्या एका बाईंना लहानपणी शिक्षा म्हणून कोठीच्या खोलीत कोंडत असत. त्यांचं वाक्य आहे, ‘दाराची कडी आतून माझ्या हातात आहे.’ कधीकधी त्या उठून ती कडी खरंच लावून-काढून बघतात. चालतं तसं.

हा सराव मन शांत असताना किंवा किरकोळ वैताग आला असताना करा: बँकेची रांग, न येणारा प्लंबर, सोसायटीची मीटिंग. पोहायला पुरात शिकत नाहीत.

> सावधान: काही जणांना श्वासाकडे लक्ष दिलं की धाप लागल्यासारखं होतं, घाबरायला होतं. त्यांनी दुसरी पायरी सोडून द्यावी आणि पायाखालची फरशी, हातातला थंड पाण्याचा पेला, यांवर लक्ष द्यावं. ‘डोळे मिटून शांत बसा’ हा सल्ला सगळ्यांना मानवत नाही.

> तपासणी: वैतागलेल्या अवस्थेतून दहा मिनिटांच्या आत बऱ्यापैकी जागेवर येता येतं का? आठवड्यात तीनदा जमलं की पुढे.

## टप्पा ३: आजची कळ पकडा (तीन आठवडे)

अजूनही भूतकाळात जायचं नाही. बालपण आज कुठे चावतं, एवढंच टिपायचं. वहीच्या पानावर चार रकाने आखा: काय घडलं; शरीरात काय झालं; मनात कुठलं वाक्य आलं; मी काय केलं.

माझ्या वहीतली एक नोंद देतो. रविवार, दुपारी सव्वादोन. खाली पार्किंगमध्ये कुणीतरी स्कूटर स्टँडला लावली, खटॅक. शरीरात: दोन्ही खांदे कानापर्यंत वर, पोटात गोळा. वाक्य: ‘आता आपली खैर नाही.’ मी काय केलं: टीव्ही बंद केला.

वडील सोलापूरला गिरणीत होते. दुसरी पाळी सुटून मध्यरात्री घरी येत. सायकलचं मागचं स्टँड लागल्याचा आवाज आला की आम्ही तिघं भावंडं श्वाससुद्धा मोजून घ्यायचो, कारण जागं सापडलेल्याला मार पडे. हे सगळं मला माहीत होतंच. माहीत नव्हतं ते एवढंच, की स्टँड वाजलं की मी आजही टीव्ही बंद करतो. बायकोचा तीस वर्षं समज होता की मला टीव्हीचा तिटकारा आहे.

हा टप्पा इतका महत्त्वाचा का, ते यातून कळावं. जुनी गोष्ट बदलता येत नाही. टीव्ही मात्र चालू ठेवता येतो. आपण ज्यावर काम करणार ते चौथ्या रकान्यात असतं.

नोंद घडल्यावर शक्यतो तासाभरात करा. रोज एक पुरे. तिसऱ्या रकान्यात वाक्य जसं आलं तसंच लिहा, सोलापुरी तर सोलापुरी, मालवणी तर मालवणी. ‘मला असुरक्षित वाटलं’ हे वाक्य कुणाच्याही मनात येत नाही, ते मागाहून सुचतं. मनात येतं ते ‘मेलो’ किंवा ‘परत माझंच चुकलं’.

इथली नेहमीची चूक म्हणजे नोंदीऐवजी निदान. आणि तिची थोरली बहीण म्हणजे इंटरनेटवरची दहा प्रश्नांची बालपणाची चाचणी. व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट आंडा या डॉक्टरांनी अमेरिकेत सतरा हजारांहून जास्त लोकांचा अभ्यास केला, त्याचा पहिला मोठा अहवाल १९९८ साली आला आणि त्यातूनच ही प्रश्नावली पसरली. बालपणीची संकटं आणि मोठेपणीचे आजार यांचा समूहाच्या पातळीवर संबंध त्यांनी दाखवला. पण आंडा यांनी स्वतःच २०२० मध्ये बजावलं की हा गुण एकेका माणसाचं भविष्य सांगायला वापरू नये. तुमचा गुण सात आला म्हणजे ती पत्रिका नव्हे.

> तपासणी: तीन आठवड्यांच्या नोंदी एका बैठकीत वाचा. दोन-तीन वाक्यं पुन्हापुन्हा दिसतील. त्यांना रंगीत पेन्सिलीने गोल करा. सहाव्या टप्प्यात लागतील.

## टप्पा ४: वर्षांची पट्टी (एक आठवडा)

जुन्या कॅलेंडरची पाठकोरी पानं आडवी चिकटवा. मधून एक रेघ ओढा आणि तिच्यावर जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंत खुणा करा. रेघेच्या खाली वाईट प्रसंग, पण फक्त मथळा, जास्तीत जास्त पाच शब्द. ‘इयत्ता चौथी, पाटी फुटली.’ बस. तपशिलात शिरायचं नाही. प्रत्येक मथळ्यापुढे शून्य ते दहा यातला एक आकडा लिहा: आज हे आठवलं की किती त्रास होतो.

रेघेच्या वर कोण होतं ते लिहा. लोक ही बाजू हमखास विसरतात. शेजारच्या काकू, ज्या काही न विचारता भाकरी द्यायच्या. ग्रंथालयात बंद होईपर्यंत बसू देणारे गृहस्थ. मामाचं गाव. घरातलं कुत्रंसुद्धा चालेल. ही माणसं गोड शेवटासाठी नकोत. पाचव्या टप्प्यात एखादा प्रसंग फार वर आला तर मनाने पळून जाऊन बसायला एक ओटा हवा, म्हणून हवीत.

पट्टीवर मोकळ्या जागा राहतील. राहू द्या. ‘तिथे नक्की काहीतरी भयंकर दडलंय’ म्हणून खणू नका, आणि संमोहनाने ‘दडलेल्या आठवणी’ काढून देतो म्हणणाऱ्याकडे तर अजिबात जाऊ नका. स्मृतीवर संशोधन करणाऱ्या एलिझाबेथ लॉफ्टस यांनी नव्वदच्या दशकात प्रयोगात दाखवून दिलं की ‘तू लहानपणी मॉलमध्ये हरवला होतास’ ही न घडलेली गोष्टसुद्धा काही माणसांच्या मनात खरी आठवण म्हणून रुजवता येते. जेवढं स्वच्छ आठवतं तेवढ्यावरच काम करायचं, ते पुष्कळ असतं.

## टप्पा ५: चार दिवसांचं लेखन (दीड-दोन महिने)

आता आठवणी. पद्धत नवी नाही: अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि त्यांच्या सहकारी सँड्रा बीअल यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांकडून सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं लिहून घेतलं होतं. पुढे तिच्यावर बरंच काम झालं. आपण तिला थोडं सावकाश वापरायचं.

निवड. पट्टीवरचा तीन किंवा चार आकड्याचा प्रसंग घ्या. सगळ्यात मोठा नाही. आठ, नऊ, दहा आकड्यांचे प्रसंग एकट्याने उघडायचे नाहीत, ते समुपदेशकासमोर.

पहिला दिवस. काय घडलं, ओळीने. कोण कुठे उभं होतं, अंगावर काय होतं, कसला वास होता. गजर पंधरा मिनिटांचा. गजर झाला की वाक्य अर्धं असलं तरी पेन खाली.

दुसरा दिवस. तोच प्रसंग, पण तेव्हा काय वाटलं होतं ते. राग येत असेल तर रागाच्या भाषेत. शुद्धलेखन सोडा.

तिसरा दिवस. त्या प्रसंगाने पुढच्या आयुष्यात काय केलं. लग्नात, नोकरीत, स्वतःच्या मुलांना वाढवताना. हा दिवस अनेकांना पहिल्यापेक्षा जड जातो, कारण आपणही मुलाला एकदा तसंच मारलं होतं हे इथे वर येतं. आलं तर लिहा. लिहून झाल्यावर लगेच मुलाला फोन करून माफी मागायला धावू नका. ती मागायचीच असेल तर महिन्याभराने, शांतपणे, त्याची सोय बघून.

चौथा दिवस. आज, या वयात, तिकडे बघताना काय दिसतं. तेव्हा वडिलांचं वय किती होतं ते काढा. बहुतेक जण इथे थबकतात: ते पस्तिशीचे होते, म्हणजे आपल्या आजच्या मुलापेक्षाही लहान. याने त्यांचा मार योग्य ठरत नाही. फक्त ते आता राक्षसाएवढे मोठे दिसत नाहीत.

लिहिणं संपलं की वही बंद, दुसऱ्या टप्प्यातला सराव, आणि मग तासभर हातांना काम. मेथी निवडा, शेंगा सोला, गॅलरी धुवा. टीव्हीसमोर बसू नका, झोपू नका.

चार दिवसांनंतर दोन आठवडे सुट्टी. मग हवं तर पुढचा प्रसंग. तीन प्रसंग झाले की पुरे. पट्टीवरचा प्रत्येक मथळा ‘उरकायचा’ नसतो. ती काही थकबाकीची यादी नव्हे. मी बँकेत नोकरी केलेला माणूस, मला हे कळायला वेळ लागला.

> सावधान: लिहून झाल्यावर तास-दोन तास जड वाटणं स्वाभाविक आहे. पण लिहिताना हात-पाय बधिर होत असतील, आपण खोलीत नसल्यासारखं वाटत असेल, किंवा जडपणा तीन दिवस उतरत नसेल तर थांबा आणि ठरवलेल्या माणसाला फोन करा. पेनेबेकर यांचा स्वतःचा नियमही हाच: एखाद्या विषयावर लिहून आपला तोल जाईल असं वाटलं, तर त्यावर लिहू नका. थांबणं म्हणजे नापास होणं नव्हे.

## टप्पा ६: ‘च’ शोधा (तीन आठवडे)

तिसऱ्या टप्प्यात गोल केलेली वाक्यं आता बाहेर काढा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास सुरू केलेली आणि कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजवलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती इथे कामाला येते. तिचं मुख्य सूत्र असं की प्रसंग आणि त्रास यांच्या मधे एक समजूत बसलेली असते, आणि काम त्या समजुतीवर करायचं.

मराठीत ही समजूत पकडणं सोपं आहे, कारण ती ‘च’ घालून बोलते. ‘माझ्याकडून चूक होताच कामा नये.’ ‘सगळ्यांना खूश ठेवलंच पाहिजे.’ ‘मी नकोच होते.’ शेवटचं वाक्य हवेतलं नाही. साताऱ्यात २०११ साली जिल्हा प्रशासनाने ‘नकुशी’ नाव असलेल्या पावणेतीनशेहून जास्त मुलींची नावं समारंभाने बदलली. कागदावरचं नाव एका दिवसात बदलतं. ज्यांना घरात ते वाक्य वेगळ्या शब्दांत रोज ऐकावं लागलं, त्यांना ते स्वतःच्या हाताने बदलावं लागतं.

प्रत्येक वाक्याला तीन प्रश्न विचारा, उत्तरं लिहून काढा:

१. हे वाक्य पहिल्यांदा कुणाच्या आवाजात ऐकलं?
२. लहानपणी ते कशापासून वाचवत होतं? (गप्प राहणं, हसत राहणं, पुढे न येणं, यांचा तेव्हा उपयोग होता. स्वतःला मूर्ख ठरवू नका.)
३. आज त्याचा ‘च’ काढला तर काय उरतं?

‘चूक होताच कामा नये’ यातला ‘च’ काढल्यावर उरतं: ‘चूक झाली नाही तर बरं वाटेल, झाली तर निस्तरता येईल.’ नवं वाक्य तुम्हाला पटणारं हवं. ‘मी परिपूर्ण आहे, विश्व माझ्यावर प्रेम करतं’ असलं काही लिहून आरशाला चिकटवलं तर मन ते एका दिवसात ओळखतं आणि जुनं वाक्य दुप्पट जोराने म्हणतं.

## टप्पा ७: दोन पत्रं, दोन्ही न टाकायची

पहिलं पत्र, ज्याने दुखावलं त्याला. ‘तीर्थरूप बाबांस, सा. न. वि. वि.’ असं सुरू करू नका. हाताला वळण असतं. साष्टांग नमस्कार घातला की पुढची चार पानं आपोआप आदबीची होतात. नाव किंवा नातं लिहा आणि थेट मुद्द्यावर या. काय केलंत, त्याने काय झालं, मला काय हवं होतं. अरेतुरे येत असेल तर येऊ द्या.

दुसरं पत्र, त्या वयातल्या स्वतःला. इथे मात्र जुना मायना वापरा: ‘चिरंजीव’ किंवा ‘चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी’, आणि ‘अनेक उत्तम आशीर्वाद’. आपल्याला कुणी या मायन्याने लिहिलं नसेल तर तो लिहिताना काय होतं ते बघाच. पत्रात उपदेश नको. त्या मुलाला माहीत नसलेल्या बातम्या सांगा: शाळा पूर्ण झाली, घर झालं, आता कुणी मारत नाही, आंबा पोटभर मिळतो.

पहिलं पत्र ज्याला लिहिलं त्याला पाठवायचं नाही, कुटुंबाच्या ग्रुपवर टाकायचं नाही. मी एका श्राद्धाच्या दिवशी, जेवणं झाल्यावर, माझं पत्र भावंडांना वाचून दाखवलं. बहीण उठून आत गेली. भावाने विचारलं, ‘हे आज काढायची काय गरज होती?’ गरज नव्हतीच. त्याचं श्राद्धही बिघडलं आणि माझं पत्रही.

## टप्पा ८: चौथा रकाना बदला

तिसऱ्या टप्प्याच्या नोंदींतून ‘मी काय केलं’ हा रकाना घ्या. सगळ्यात सोपी कृती निवडा आणि आठवड्यातून तीनदा उलट करा. मी स्टँड वाजल्यावर टीव्ही चालू ठेवायचा ठरवलं. पहिल्या दोन आठवड्यांत आवाज कमी करण्यापर्यंतच मजल गेली. कुणी ताटात एक घास टाकायला शिकतं, कुणी मेव्हण्याला ‘या रविवारी जमणार नाही’ म्हणायला, कुणी दवाखान्यात सोबत चल असं मुलीला सांगायला. लहान गोष्टच घ्या. पहिल्याच आठवड्यात नातं तोडणं किंवा मृत्युपत्र बदलणं हा प्रयोग नव्हे.

## आई-वडील हयात असतील तर

साठीत नव्वदीच्या बापाचं करावं लागतं, त्याच हातांनी ज्यांवर छडीचे वळ उठले होते. अशा वेळी काळजी हे काम समजा आणि कामासारखं वाटून घ्या: तासांची पाळी, मदतनीस, भावंडांत खर्चाचा हिस्सा. अंघोळ घालताना राग उसळत असेल तर ते काम दुसऱ्याकडे द्या. आवाज चढायला लागला की खोलीबाहेर पडा. २००७ च्या कायद्याने असमर्थ पालकांचा निर्वाह मुलांवर बंधनकारक आहे. माया बंधनकारक केलेली नाही.

त्यांच्याकडून कबुली मिळवायचा प्रयत्न बहुधा फसतो. त्यांना आठवत नसतं, किंवा आठवून घ्यायचं नसतं, किंवा खरोखर स्मृतिभ्रंश झालेला असतो. आणि क्षमेचं म्हणाल तर ती कुणी मागून किंवा ठरवून येत नाही. काहींना कामाच्या ओघात येते, काहींना येत नाही, आणि न आलेल्यांची झोपही सुधारलेली मी पाहिली आहे. ‘माफ करून टाक’ म्हणणाऱ्याला तिळगूळ द्या आणि विषय बदला.

## वहीचं काय करायचं

हे सगळे विसरतात. या वयात वही आपल्या मागे राहू शकते, आणि ती कुणी वाचावी, कुणी वाचू नये हे आधी ठरवायला हवं. पर्याय तीन: काम संपल्यावर स्वतः फाडून भिजवून टाकणं, विश्वासाच्या एका माणसाला सांगून ठेवणं, किंवा मुलांनी वाचावी असं वाटत असेल तर तसं स्पष्ट लिहून ठेवणं. पहिलं पत्र मात्र ठेवू नका. ते वाचणारा तुमच्या बाजूने उत्तर देऊ शकत नाही आणि ज्याला लिहिलं त्याच्या बाजूनेही नाही.

माझ्या वहीच्या पहिल्या पानावर १४४१६ च्या खाली लिहिलं आहे: ‘माझ्यामागे न वाचता फाडावी. रद्दीत देऊ नये.’ बायकोने ते वाचून विचारलं, रद्दीत का नाही? म्हटलं, आपला रद्दीवाला वाचतो.